मामा (माजी मालगुजारी) तलावाचा जीआर कोणाकडे आहे? विदर्भातल्या गटविकास अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
गटविकास अधिकारी, विदर्भातील सर्व पंचायत समित्या.
माहितीसाठी: मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषदा.

विषय: शासन निर्णय, परिपत्रके, दरसूची आणि रोज लागणाऱ्या लिंका टॅग लावून सर्वांसाठी एका जागी जतन करण्याबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या कार्यालयात कागद हवा असला की प्रश्न कसा विचारला जातो, याकडे एकदा लक्ष द्यावे. ‘तो जीआर कुठे आहे?’ असे कोणी विचारत नाही. ‘तो जीआर कोणाकडे आहे?’ असे विचारतात. म्हणजे कागदाचा पत्ता ही जागा नसून माणूस आहे. तो माणूस रजेवर गेला की कागद रजेवर, आणि मे महिन्यात त्याची बदली झाली की कागदाचीही बदली.

आजची व्यवस्था सगळ्यांना ठाऊक आहे. व्हॉट्सॲपचा एक ग्रुप जिल्ह्याचा, एक तालुक्याचा, एक प्रत्येक योजनेचा. जीआर येतो, अंगठे उमटतात, दुसऱ्या दिवशीच्या आढावा बैठकीच्या निरोपांखाली तो दबतो. फोनमध्ये उतरलेल्या फाइलीचे नाव म्हणजे ‘डीओसी’, मग तारीख, मग ‘डब्ल्यूए’ आणि चार आकडे. त्या नावावरून आत सिंचन विहीर आहे की शालेय पोषण आहार, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. शिवाय ती तारीख फाइल फोनमध्ये आली त्या दिवसाची. निर्णयाची तारीख वेगळीच असते, आणि इथेच पहिली फसगत होते.

उपाय नवा नाही आणि महागही नाही. इंटरनेटवरच्या कागदाचा पत्ता एका सामायिक यादीत जतन करायचा, त्याला तीन ते पाच टॅग, म्हणजे ओळखीचे शब्द, लावायचे, आणि ते टॅग सगळ्या टेबलांना दिसू द्यायचे. एवढेच. मात्र हे मराठीत आणि तालुक्याच्या कार्यालयात करताना काही खास खड्डे लागतात. पत्राचा बराच भाग त्या खड्ड्यांवर खर्च होणार आहे.

कागदाला एकच गठ्ठा, टॅगला नाही

कागद लावण्याची शिस्त आपल्याकडे नाही असे मुळीच नाही. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी घडवलेली कार्यालयीन पद्धत पुढे राज्यभर गेली, आणि सहा गठ्ठ्यांची शिस्त आजही दप्तर तपासणीत विचारली जाते. त्या सहांतला एक गठ्ठा स्थायी आदेशांचा. त्या विषयावरचे सगळे जीआर आणि परिपत्रके क्रमाने लावलेली ती संचिका. आम्ही जे सुचवतो आहोत ती संगणकावरची स्थायी आदेश संचिकाच आहे. फरक इतकाच की ती एका टेबलाची नसेल.

कागदाची अडचण अशी की तो एका वेळी एकाच गठ्ठ्यात बसतो. संगणकावर फोल्डर करताना आपण तीच अडचण विनाकारण सोबत आणली. सिंचन विहीर घ्या. ती रोजगार हमीतून होते, अनुसूचित जातीच्या शेतकऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतून मिळते, अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्याला बिरसा मुंडा कृषी क्रांती योजनेतून. रोजगार हमीचे टेबल वेगळे, कृषीचे वेगळे, अंदाजपत्रक बांधकामाच्या टेबलावर. आता दोन विहिरींमधल्या अंतराची अट सांगणारे पत्र कोणत्या फोल्डरमध्ये जाईल? तीन ठिकाणी प्रती ठेवल्या तर पुढच्या सुधारणेनंतर दोन ठिकाणी शिळी प्रत राहणार. आणि खिडकीशी आलेला शेतकरी यातले एकही नाव घेत नाही. तो म्हणतो, ‘विहिरीचं काय झालं?’

टॅगने हा पेच सुटतो, कारण एकाच नोंदीला ‘विहीर’, ‘रोहयो’, ‘अंतराची-अट’ आणि ‘परिपत्रक’ असे चारही शब्द लागतात. कोणत्याही दारातून आत आले तरी कागद तोच सापडतो. एका पुस्तकाकडे अनेक बाजूंनी पाहता आले पाहिजे, हा विचार एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरणात मांडला होता. वाचकाचा वेळ वाचवा, हा त्यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतला चौथा नियम. पंचायत समितीच्या खिडकीला तो अगदी चपखल बसतो.

शंभर जणांचे शहाणपण आणि वीस जणांचे कार्यालय

इंटरनेटवर लोकांनी आपापल्या शब्दांत टॅग लावून लिंका जाहीरपणे जतन करण्याची पद्धत रुजवली ती ‘डेलिशस’ या संकेतस्थळाने. जोशुआ शॅक्टर यांनी ते २००३ साली सुरू केले. अशा लोकांच्या शब्दांतून उभ्या राहणाऱ्या वर्गीकरणाला २००४ मध्ये थॉमस व्हँडर वॉल यांनी ‘फोक्सोनॉमी’ हे नाव दिले. आपण त्याला लोकवर्गीकरण म्हणू. त्यावर २००६ साली एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या गोल्डर आणि ह्युबरमन यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले: एखादी लिंक साधारण शंभर जणांनी जतन केली की तिच्यावरच्या टॅगांचे प्रमाण जवळपास स्थिर होते. कोणी नेमून न देताही लोक काही शब्दांवर एकमताला येतात.

हे वाचून कोणी म्हणेल, मग सोडून द्या लोकांवर, आपोआप शिस्त लागेल. आपल्याकडे तसे होणार नाही. पंचायत समितीत लिंका जतन करणारी माणसे वीस-पंचवीस. एकेक लिंक दोघे किंवा तिघे जतन करतील. शंभराचा आकडा कधीच गाठला जाणार नाही, म्हणून शब्द आपोआप जुळणारही नाहीत. छोट्या कार्यालयात लोकवर्गीकरणाला एक राखणदार, म्हणजे टॅगचे शब्द जुळवत राहणारा माणूस, लागतो. राखणदार ठेवला नाही म्हणून हा प्रयोग बंद पडतो, आणि मग ‘आपल्या लोकांना जमत नाही’ असा शिक्का बसतो. दोष लोकांचा नसतो, संख्येचा असतो.

छोट्या कार्यालयाचा फायदाही आहे. आयबीएमने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ‘डॉगइअर’ नावाची अशीच व्यवस्था केली होती. तिथे नोंदी खऱ्या नावाने होत. त्यामुळे लिंक तर मिळेच, पण या विषयात कोण माहीतगार आहे तेही कळे. पंचायत समितीत ‘सामूहिक-वनहक्क’ हा टॅग उघडल्यावर बाराही नोंदी एकाच विस्तार अधिकाऱ्याच्या दिसल्या, तर कोणाला फोन करायचा ते ठरले. त्या अधिकाऱ्याची बदली झाली तरी नोंदी जागेवर राहतात.

कागदाला मागचे आठवते, पुढचे नाही

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते, म्हणून हे सविस्तर लिहितो.

कोणताही शासन निर्णय उघडा. वर ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ म्हणून आधीच्या निर्णयांची यादी असते. ताजा कागद हातात असेल तर त्यावरून मागे मागे जाता येते. पण जुना कागद हातात असेल तर तो पुढचे काहीच सांगत नाही. २०१९ च्या कागदावर २०२२ चे शुद्धिपत्रक कसे छापलेले असणार? म्हणून एखादे टेबल अत्यंत प्रामाणिकपणे अधिक्रमित झालेल्या, म्हणजे नव्या निर्णयाने बाद ठरवलेल्या, निर्णयावर प्रस्ताव तयार करते, तो जिल्ह्याला जातो, आणि तिथून त्रुटी लागून परत येतो. मधल्या महिन्यात लाभार्थी चकरा मारतो.

कागदाची ही उणीव फक्त माणसाने लिहिलेली नोंदच भरून काढू शकते. नियम असा ठेवावा: नवा निर्णय जतन करताना त्याच्या ‘वाचा’ यादीतले जे निर्णय आपल्या यादीत आहेत, ते प्रत्येक उघडायचे, त्यांच्या टिपेत ‘पुढे पाहा’ असे लिहून नव्याचा संकेतांक (निर्णयावर छापलेला अठरा अंकी क्रमांक) टाकायचा, आणि ‘चालू’ हा टॅग काढून ‘सुधारित’ किंवा ‘अधिक्रमित’ लावायचा. शुद्धिपत्रकाला मूळ निर्णयाचे सगळे टॅग लावायचे आणि वर ‘शुद्धिपत्रक’ हा एक जास्त.

अधिक्रमित नोंद पुसू मात्र नये. स्थानिक निधी लेखापरीक्षणाचा आक्षेप तीन-चार वर्षांनी येतो. तेव्हा मंजुरीच्या दिवशी कोणता निर्णय लागू होता, हे दाखवावे लागते. दरसूचीचेही तसेच. अंदाजपत्रक कोणत्या वर्षाच्या दराने केले ते सांगायला त्या वर्षाची दरसूची सापडली पाहिजे.

पूर्व विदर्भातले ताजे उदाहरण झुडपी जंगलाचे, म्हणजे खुरट्या झुडपांच्या जमिनींचे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगलाच्या जमिनी वनच आहेत असा निर्णय दिला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत गावठाणाला, शाळेला, स्मशानभूमीला जागा शोधताना हा शब्द हमखास आडवा येतो. त्या तारखेआधीचे जे जे पत्र ‘झुडपी-जंगल’ या टॅगखाली असेल, त्या प्रत्येकाच्या टिपेत या निकालाची ओळ जायला हवी. टॅग आधीपासून लावलेला असेल तर हे एका दुपारचे काम. नसेल तर कोणत्या कपाटात काय आहे इथपासून सुरुवात.

एका नोंदीत काय काय असावे

पत्ता, शीर्षक, संकेतांक, टॅग, टीप. पाच गोष्टी, दोन मिनिटे.

पत्ता घेताना शोध पानाचा घेऊ नये. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर शोध घेतल्यावर वर दिसणारा पत्ता बहुतेक वेळा कोणत्याही शोधाला तोच असतो, दुसऱ्या दिवशी उघडला की कोरे पान येते. पीडीएफ उघडावी आणि तिचा पत्ता घ्यावा. त्याच्या शेवटी निर्णयाचा अठरा अंकी संकेतांक असतो. तोच संकेतांक निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदातही छापलेला असतो. त्याचे पहिले आठ अंक वर्ष, महिना, दिवस असे वाचता येतात. दोन कागद एकच आहेत की वेगळे, हे ठरवायला याच्याइतके खात्रीचे दुसरे काही नाही. विभाग तोच, विषय तोच, आणि एकाच दिवशी दोन निर्णय, असे होते.

इथे एक्सेलचा सापळा आहे. एक्सेल आकड्यातले पहिले पंधरा अंकच राखते. अठरा अंकी संकेतांक सरळ टाकला की शेवटचे तीन अंक शून्य होतात, आणि दिसताना तर ‘२.०१ई+१७’ असे काहीतरी दिसते. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करावा किंवा आकड्याच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह टाकावे. एकदा गेलेले तीन अंक नंतर रकाना टेक्स्ट करून परत येत नाहीत. आपल्या कार्यालयात जीआरची जुनी एक्सेल यादी असेल तर आधी हेच तपासा.

शीर्षक हाताने टाइप करावे. बरेच जुने कागद छायाप्रती आहेत, त्यातले अक्षर संगणकाला वाचता येत नाही. काही जुन्या फॉन्टमध्ये आहेत, ते नक्कल करून चिकटवले की भलतीच अक्षरे उमटतात. ‘शासन निर्णय दि. अमुक’ हे शीर्षक नव्हे. कागद काय करतो ते लिहावे: ‘घरकुल लाभार्थ्याला वाळू देण्याची पद्धत’.

टॅग तीन ते पाच. एक विषयाचा, एक योजनेचा, एक कागदाच्या जातीचा (शासन-निर्णय, परिपत्रक, शुद्धिपत्रक, नमुना, दरसूची), एक स्थितीचा. पाचवा हवा असेल तर. दहा-बारा टॅग लावणारा उत्साही कर्मचारी दर कार्यालयात एक असतो. त्याच्या नोंदी प्रत्येक शोधात वर येऊन सगळ्यांना त्रास देतात.

पीडीएफची एक प्रतही उतरवून ठेवावी. संकेतस्थळे बदलतात, पत्ते मरतात. सगळ्या प्रती एकाच फोल्डरमध्ये, पोटफोल्डर नाहीत, आणि फाइलीचे नाव तेच अठरा अंकी. नावात काही ‘सुधारणा’ करायची नाही. शोधायचे यादीत, उघडायचे फोल्डरमधून.

मराठी टॅगचे खड्डे

इंग्रजीत लिहिलेले मार्गदर्शन इथे उपयोगी पडत नाही, म्हणून हे नीट पाहू.

पहिला खड्डा विभक्तीचा. ‘विहीर’ हा टॅग लावला आणि कोणी ‘विहिरीचे’ असा शोध घेतला तर काहीच मिळत नाही, कारण सामान्यरूपात ‘ही’चा ‘हि’ झाला. म्हणून टॅग नेहमी मूळ रूपात, एकवचनी. ‘तलाव’, ‘तलावांची’ नाही. ‘शिक्षक’, ‘शिक्षकांसाठी’ नाही.

दुसरा ऱ्हस्व-दीर्घाचा. ‘घरकुल’ आणि ‘घरकूल’, ‘झुडपी’ आणि ‘झुडुपी’, ‘निधी’ आणि ‘निधि’. शासनाच्या कागदांतही दोन्ही सापडतात. यादीत एक रूप ठरवून टाकावे. शुद्धलेखनाचा वाद घालत बसू नये. जे रूप कार्यालयात जास्त टाइप होते ते घ्यावे.

तिसरा डोळ्यांना दिसतच नाही. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला ‘ऱ्य’ दोन तऱ्हेने टाइप होतो. एका कळफलकावर त्यासाठी खास ‘ऱ’ उमटतो. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारी जोडखूण पडते. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. ‘ॲप’चेही तसेच: कोणी ‘ॲ’ हे एकच अक्षर टाकतो, कोणी ‘अ’ टाकून वर चंद्र देतो. एकाच नावाचे दोन टॅग यादीत शेजारी शेजारी दिसले, एकात चाळीस नोंदी आणि दुसऱ्यात तीन, तर कारण बहुधा हेच. उपाय सोपा आहे. टॅग पूर्ण टाइप करूच नये. पहिली दोन अक्षरे टाकून खाली जी सूचना येते तीवर बोट ठेवावे. आणि मूळ रूप पाळले तर ‘शेतकरी’मध्ये हा ‘ऱ्य’ येतच नाही.

चौथा आकड्यांचा. ‘२०२४’ आणि इंग्रजी अंकांतले तेच वर्ष हे दोन टॅग होतात. टॅगमध्ये देवनागरी अंक ठरवा. संकेतांक मात्र ज्या अंकांत छापला आहे त्याच अंकांत, नाहीतर पत्त्याशी जुळणार नाही.

टिंब-जागेचेही पाहावे. ‘ग्रा.पं.’, ‘ग्रा. पं.’ आणि ‘ग्रापं’ हे तीन होतात. काही साधनांत टॅग मोकळ्या जागेने तुटतो, ‘मामा तलाव’ लिहिले की ‘मामा’ वेगळा आणि ‘तलाव’ वेगळा. जोडरेघ वापरावी. ‘योजना’, ‘शासन’, ‘महाराष्ट्र’ हे शब्द टॅगमधून गाळावेत. ते प्रत्येकाला लागतात, म्हणजे कोणालाच वेगळे करत नाहीत.

सरकारी शब्द आणि गावचा शब्द

कागदावर ‘माजी मालगुजारी तलाव’, भंडारा-गोंदियात तोंडी ‘मामा तलाव’. कागदावर ‘शेंदरी बोंडअळी’, वावरात ‘गुलाबी बोंडअळी’, अळी तीच. योजनेच्या नावात ‘पाणंद रस्ते’, विदर्भात सगळे म्हणतात ‘पांदण’. ‘ग्रामसेवक’ या पदाचे २०२४ मध्ये ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाले, पण त्याआधीच्या हजारो कागदांत ग्रामसेवकच आहे. रोजगार हमीला तर नावांची कमतरताच नाही: राज्याचा कायदा १९७७ चा, म्हणून जुनी माणसे ‘रोहयो’ म्हणतात, केंद्राचा २००५ चा, म्हणून ‘नरेगा’, मग ‘मनरेगा’, आणि पत्रव्यवहारात ‘मग्रारोहयो’.

इथे वरून आदेश काढून एकच शब्द सक्तीचा करण्याचा मोह होतो. कृपा करून तो टाळावा. सक्ती केली की लोक टॅग लावणेच सोडतात, आणि खिडकीशी आलेला माणूस जो शब्द उच्चारतो तो यादीतून गायब होतो. करायचे ते असे: प्रमाण टॅग एक ठरवावा, बाकीचे शब्द टिपेत लिहावेत. शोध टिपेतही होतो. ‘मामा-तलाव’ हा टॅग, टिपेत ‘माजी मालगुजारी तलाव, मालगुजारी, बोडी दुरुस्ती’. आमचा कल गावच्या शब्दाला प्रमाण मानण्याकडे आहे. सरकारी शब्द तसाही शीर्षकात येतोच.

सिरोंच्याकडे तेलुगू, गोंदियाकडे हिंदी, भामरागडकडे माडिया बोलली जाते. तिथले कर्मचारी टिपेत आपापला शब्द घालू शकतात. त्यासाठी कोणाची परवानगी लागू नये.

साधन कोणते

खर्च न करता चालणारे ‘लिंकडिंग’ नावाचे मुक्त साधन आहे. जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स घालून, डॉकरमध्ये (प्रोग्राम स्वतंत्र कप्प्यात चालवण्याची सोय), ते चालते. सगळ्या नोंदी एका छोट्या डेटाबेस फाइलीत राहतात. प्रत्येकाला वेगळे खाते द्यावे. सेटिंगमध्ये जाऊन सामायिक करण्याची सोय प्रत्येकाने चालू करावी लागते आणि नोंद करताना ‘सामायिक’ची खूण करावी लागते. ही खूण विसरली जाते, आणि मग ‘मी तर टाकले होते’ असा संवाद होतो. त्यात टॅग मोकळ्या जागेने तुटतात, म्हणून वरची जोडरेघ. आणखी एक: इथे कोणालाही दुसऱ्याची नोंद बदलता येत नाही. म्हणून राखणदाराने ‘कार्यालय’ नावाच्या खात्यातून तीच लिंक प्रमाण टॅग लावून पुन्हा जतन करावी. मूळ माणसाचा शब्दही राहतो आणि प्रमाण शब्दही मिळतो. स्थितीचे टॅग आणि ‘पुढे पाहा’ची टीप याच खात्यावर ठेवावी.

डेस्कटॉपला यूपीएस हवा. वीज गेली की संगणक बंद, आणि नोंद लिहिता लिहिता बंद पडला तर डेटाबेस बिघडू शकतो. ग्रामपंचायतींना बाहेरून पाहता यावे असे वाटत असेल तर जिल्हा परिषदेच्या सर्व्हरवर एकच व्यवस्था सगळ्या तालुक्यांसाठी करणे जास्त बरे. तेच मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी मनावर घ्यावे.

तेवढेही नसेल तर गूगल शीट चालेल. रकाने सात: तारीख, पत्ता, संकेतांक, शीर्षक, टॅग, टीप, नोंदवणारा. संकेतांकाचा रकाना आधी साधा मजकूर करून घ्यावा.

फुकटच्या सेवांवर भिस्त ठेवू नये, निदान प्रत तरी आपल्याकडे ठेवावी. डेलिशस २००५ मध्ये याहूने घेतले, हात बदलत २०१७ मध्ये ते फक्त वाचण्यापुरते उरले. गूगल बुकमार्क्स २०२१ मध्ये बंद झाले, पॉकेट २०२५ मध्ये. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला निर्यात करून फाइल पेन ड्राइव्हवर आणि कार्यालयाच्या ईमेलवर ठेवावी. ही एचटीएमएल फाइल बुकमार्कची बहुतेक साधने परत आत घेतात.

पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटतो, नेटही जाते. अशा तालुक्यांसाठी मे अखेरीस टॅगनिहाय यादी आणि पीडीएफचे फोल्डर पेन ड्राइव्हवर देऊन ठेवावे. यादी छापूनही द्यावी.

काय टाकायचे नाही

लाभार्थ्यांच्या याद्या, आधार क्रमांक, बँक खाती, तक्रारदारांची नावे यांच्या लिंका किंवा छायाचित्रे यादीत येता कामा नयेत. यादीत फक्त जाहीर कागद. अंतर्गत पत्रासाठी नस्ती (फाइल) क्रमांक आणि विषय एवढेच लिहावे. टॅगमध्ये व्यक्तीचे नाव नको. ‘अर्जंट’, ‘साहेबांनी-मागितले’, ‘महत्त्वाचे’ असे टॅग लोक लावतातच. ते स्वतःच्या खाजगी नोंदीत असू द्यावेत. महिनाभराने ‘महत्त्वाचे’ या टॅगखाली सगळेच असते.

आपल्याकडून काय हवे

माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ (१) (क) प्रमाणे अभिलेखांची सूची आणि निर्देशिका ठेवणे हे कार्यालयाचे कर्तव्यच आहे. ही यादी म्हणजे अभिलेख नव्हेत, पण निर्देशिकेचे अर्धे काम तीच करते. म्हणून पुढील गोष्टींचा लेखी कार्यालयीन आदेश निघावा.

राखणदार म्हणून एका व्यक्तीला आठवड्याला एक तास नेमून द्यावा. सोमवार दुपार चांगली. शुक्रवारी बैठका असतात. त्या तासात दुहेरी टॅग शोधायचे, आठवड्यात आलेल्या निर्णयांच्या ‘वाचा’ यादीवरून मागच्या नोंदींत ‘पुढे पाहा’ लिहायचे, मेलेले पत्ते तपासायचे. ही व्यक्ती कंत्राटी असेल तर आदेशात दुसऱ्याचेही नाव हवे, कारण कंत्राट संपते. कामाच्या वाटपात हा तास दिसला पाहिजे. तो दिसला नाही तर दोन महिन्यांत जातो.

व्हॉट्सॲप बंद करण्याची गरज नाही. फक्त ग्रुपवर फाइल टाकण्याऐवजी यादीतल्या नोंदीची लिंक टाकावी. आणि हे सर्वांत आधी आपण स्वतः करावे. गटविकास अधिकारी फाइल पाठवत राहिले आणि आदेशात लिंक पाठवा म्हटले, तर ग्रुप आपलेच पाहून चालणार.

बदलीच्या वेळी कार्यभार यादीत एक ओळ वाढवावी: ‘माझ्या टेबलाच्या नोंदी सामायिक यादीत केल्या आहेत, शेवटची नोंद दिनांक अमुक.’ जाणाऱ्याचे खाते बंद करावे, पुसू नये. नोंदी त्याच्याच नावाने राहू द्याव्यात.

सुरुवात दहा वर्षांचे जीआर भरण्याने करू नका. त्यात पहिला महिना जातो आणि उत्साहही. प्रत्येक टेबलाने गेल्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष वापरलेले दहा कागद नोंदवावेत. आठ टेबले म्हणजे ऐंशी नोंदी. पंधरा दिवसांनी टॅगची यादी छापून एका बैठकीत अर्धा तास वाचावी, कोणते दोन शब्द एकच आहेत ते ठरवावे, आणि चाळीसेक प्रमाण टॅगचे एक पान भिंतीवर लावावे. त्या बैठकीला खिडकीशी बसणाऱ्या कर्मचाऱ्याला आणि दोन ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना जरूर बोलवा. ‘पाणंद’ आणि ‘पांदण’ यावर चर्चा होईल. होऊ द्यावी. टॅग ‘पांदण-रस्ता’, टिपेत ‘पाणंद’, एवढे लिहून पुढच्या शब्दाकडे जावे.

आपले,
तालुका कार्यालयांतल्या नोंदी आणि संगणक सांभाळणारे काही सहकारी